श्वास यंत्राचा, मृत्यू मेंदूचा

माणूस मेला हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात दीर्घकाळ हृदय आणि श्वास यांच्याभोवतीच फिरत राहिला, आणि त्याला कारणही तसेच होते. नाडी लागत नाही, छाती वरखाली होत नाही, नाकाशी धरलेले सूत हलत नाही, एवढे पाहून घरातली जाणती माणसेही निर्वाळा देऊ शकत. मेंदूची अवस्था बाहेरून दिसत नसे. शिवाय श्वास थांबला की काही मिनिटांत हृदय थांबे आणि हृदय थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपे, त्यामुळे या तिघांपैकी आधी कोण गेले हे विचारण्याचे प्रयोजनच उरत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यावर कृत्रिम श्वसनाने ही साखळी मध्येच तोडली, आणि १९५२ ते १९६८ या अवघ्या सोळा वर्षांत मृत्यूची व्याख्या नव्याने लिहावी लागली. ही नवी व्याख्या अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या सोयीसाठी घडवली गेली, असा समज आजही रूढ आहे. घटनांचा क्रम नीट लावून पाहिला तर तो अर्धाच खरा ठरतो.

हृदयावरचा विश्वासही काही अनादिकालापासून अढळ नव्हता. १७४० मध्ये पॅरिसमधील शरीररचनातज्ज्ञ जाक-बेनिन विन्स्लो यांनी मृत्यूच्या सर्व प्रचलित खुणा बेभरवशाच्या आहेत आणि देह कुजू लागणे हीच काय ती खात्रीची खूण, असे प्रतिपादन केले, आणि जिवंतपणी पुरले जाण्याची धास्ती युरोपभर पसरली. जर्मन शहरांत मृतदेह कुजेपर्यंत नजरेखाली ठेवण्यासाठी खास शवगृहे बांधली गेली. म्युनिकच्या शवगृहात मृताच्या बोटाला दोरी बांधून ती घंटेला जोडलेली असे, म्हणजे बोट हलले तर पहारेकऱ्याला कळावे. ही भीती ओसरली ती स्टेथोस्कोपमुळे. १८१६ मध्ये लेनेक यांनी हे साधन शोधले आणि १८४० च्या दशकात युजेन बुशू यांनी हृदयाचे ठोके ठरावीक काळ ऐकू न येणे हा मृत्यूचा पुरेसा पुरावा आहे असे दाखवून फ्रेंच विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले. त्यानंतर शंभर वर्षे डॉक्टरांनी छातीला नळी लावून मृत्यू जाहीर केला आणि तो निकाल फारसा कोणी वादात ओढला नाही.

तरीही मेंदूचा धागा अधूनमधून डोके वर काढत होता. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ झाव्हिये बिशा यांनी १८०० मध्ये हृदय, फुप्फुस आणि मेंदू या तिघांचा मृत्यू वेगवेगळा तपासला. क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये गिलोटीनखाली शिरच्छेद झालेल्यांचे देह त्यांना अभ्यासासाठी मिळत, आणि डोके धडावेगळे झाल्यावरही धडाच्या काही क्रिया काही काळ चालू राहतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८९४ मध्ये लंडनचे मेंदूशल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ले यांनी नोंदवले, की कवटीतला दाब वाढून मरणाऱ्या रुग्णाचे हृदय आधी थांबत नाही, आधी श्वास थांबतो. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनाही पुढे हेच आढळले. श्वासाची सूत्रे मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला लागून असलेल्या देठासारख्या भागात असतात. या भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, आणि तो दबला की छातीच्या स्नायूंना आज्ञा जाणे बंद होते. हृदयाचे तसे नसते; त्याचे ठोके त्याच्या स्वतःच्या पेशींतून उमटतात, म्हणून प्राणवायू मिळत राहिला तर ते मेंदूवाचूनही धडधडत राहते. म्हणजे कोणी बाहेरून श्वास पुरवला तर मेंदू गेलेला माणूस उबदार राहील, हे एकोणिसाव्या शतकाअखेरीस तत्त्वतः कळले होते. दिवसचे दिवस श्वास पुरवत राहण्याची सोय तेवढी नव्हती.

ती सोय कोपनहेगनमध्ये झाली. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भयंकर साथ आली आणि ब्लेगडाम रुग्णालयात काही दिवस रोज पन्नासच्या आसपास रुग्ण दाखल होऊ लागले. त्यांतल्या अनेकांचे श्वसनाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असत, आणि रुग्णालयाकडे शरीर आत घेऊन भोवतालच्या हवेचा दाब कमी करून छाती फुलवणारी, लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखली जाणारी मोठी पेटी होती अवघी एक. छातीवर बसवायचे सहा कवचवजा संच होते, पण ते फारसे कामाचे नव्हते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रमुख डॉक्टर लासेन यांनी अखेर ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहाबाहेर पाऊल टाकून संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात सल्ला द्यावा, हेच त्या काळी नवल होते.

२७ ऑगस्टला इब्सेन यांच्यासमोर एक बारा वर्षांची मुलगी आणली गेली. तिचे हातपाय लुळे होते, अंग निळे पडत चालले होते आणि ती स्वतःच्याच लाळेत गुदमरत होती. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालण्यात आली, पण मुलगी तडफडत होती, श्वासनलिका आकसली होती आणि पिशवी दाबूनही हवा आत जाईना. पाहायला जमलेले डॉक्टर हळूहळू खोलीबाहेर पडू लागले. तेव्हा इब्सेन यांनी तिला पेन्टोथाल हे भुलीचे औषध टोचले, तिची धडपड थांबली, तिने स्वतःहून श्वास घेण्याचा प्रयत्न सोडला, आणि मग रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरता आली. थोड्या वेळाने तिचा रंग पालटला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज वापरली जाणारी ही युक्ती आता वॉर्डभर लागू करायची ठरली, पण त्यासाठी यंत्रे कुठून आणणार? वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळ्या लावून खाटांशेजारी बसवण्यात आले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांना हाताने श्वास दिला जात होता. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी मिळून एक लाख पासष्ट हजार तास पिशव्या दाबल्या, असा हिशेब पुढे मांडला गेला. श्वसनाचा लकवा झालेल्यांतले मृत्यूचे प्रमाण, जे आधी ८७ टक्के होते, ते साथ सरता सरता एक चतुर्थांशाच्या आसपास आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरातील कम्यून रुग्णालयात सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दिसणाऱ्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तेथे झाली, आणि स्वीडनमधील एंगस्ट्रॉम यांच्यासारख्यांनी बनवलेल्या यंत्रांनी विद्यार्थ्यांच्या हातांची जागा घेतली.

या विजयाची दुसरी बाजू दिसायला फार वेळ लागला नाही. पोलिओच्या रुग्णाचा मेंदू शाबूत असे, फक्त स्नायू निकामी झालेले असत. तेच यंत्र आता डोक्याला जबर मार लागलेल्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या किंवा हृदय थांबून पुन्हा चालू केलेल्या रुग्णांनाही लावले जाऊ लागले. त्यांतले काही बरे झाले. काही मात्र ना बरे होत ना मरत. छाती यंत्राच्या तालावर हलत राही, नाडी लागे, कातडी उबदार असे, आणि तरीही त्या देहातून कशालाच प्रतिसाद येत नसे. शेवटी हृदय थांबून शवविच्छेदन झाले की कवटीतला मेंदू मऊ पडून अक्षरशः ओघळू लागलेला आढळे, म्हणजे तो कितीतरी आधी नष्ट झालेला असे. अशा रुग्णाचे यंत्र काढणे म्हणजे हत्या काय, हा प्रश्न भूलतज्ज्ञांना झोपू देईना. इन्सब्रुकच्या ब्रुनो हाइड यांनी तो थेट पोपना विचारला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी बाराव्या पायस यांनी दिलेले उत्तर त्या काळाच्या मानाने मोकळे होते: असामान्य उपाय चालू ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर नाही, आणि मृत्यूचा क्षण नेमका कोणता हे ठरवणे चर्चचे काम नसून वैद्यकाचे आहे. चर्चने चेंडू डॉक्टरांकडे परत टोलवला आणि डॉक्टरांकडे त्याचे उत्तर तयार नव्हते.

पहिले व्यवस्थित वर्णन १९५९ मध्ये पॅरिसच्या क्लोद बर्नार रुग्णालयातून आले. पियेर मोलारे आणि मोरिस गुलों यांनी अशा २३ रुग्णांची निरीक्षणे छापली आणि या अवस्थेला ‘कोमाच्याही पलीकडची अवस्था’ अशा अर्थाचे नाव दिले. डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावलेल्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या, स्वतःचा श्वास शून्य, गिळणे-खोकणे बंद; शरीराचे तापमान सावरण्याची शक्ती गेलेली, औषधाचा आधार काढला की कोसळणारा रक्तदाब, आणि मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख सपाट. हा आलेख, म्हणजे ईईजी, जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम मानवी डोक्यावरून टिपला होता आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला होता. स्टेथोस्कोपने हृदयाचे जे केले ते या साधनाने मेंदूचे केले, बंद कवटीआडची शांतता तपासण्याजोगी झाली. १९५९ मध्येच लिओं येथील एका गटानेही मज्जासंस्थेच्या मृत्यूविषयी लिहिले. मोलारे आणि गुलों यांनी मात्र आपल्या रुग्णांना मृत म्हटले नाही. आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की त्यांच्या लेखनामागे कुणाचे मूत्रपिंड किंवा हृदय काढण्याचा हेतू नव्हता. प्रश्न निर्माण केला तो श्वसनयंत्राने. प्रत्यारोपणाने त्याला घाई लावली, आणि या दोन गोष्टींत फरक आहे.

घाई लावणारे पहिले पाऊल बेल्जियममध्ये पडले. जून १९६३ मध्ये लूव्हें येथे गी आलेक्झांद्र यांनी मेंदू निकामी झालेल्या, पण हृदय चालू असलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवले. रक्ताभिसरण चालू असताना काढलेला अवयव जास्त चांगला टिकतो, हे त्यामागचे साधे कारण. तीन वर्षांनी लंडनच्या एका परिषदेत त्यांनी हे सांगितले तेव्हा विरोध करणाऱ्यांत थॉमस स्टार्झल आणि रॉय काल्ने हे प्रत्यारोपणाच्या क्षेत्रातलेच धुरंधर होते. ज्याचे हृदय धडधडते आहे त्याला प्रेत कसे म्हणायचे, हा त्यांचा आक्षेप. म्हणजे शल्यविशारदांच्या संगनमताची कथा इथेच डळमळते. मग ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मोटारीच्या धडकेत मेंदू निकामी झालेल्या एका तरुणीचे हृदय लुई वॉशकान्स्की यांना बसवले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले.

या शर्यतीत मुंबईही होती, हे महाराष्ट्रातही आता थोड्यांनाच आठवते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन आणि त्यांचे सहकारी डॉ. जी. बी. पारुळकर यांच्या पथकाने कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग कित्येक वर्षे चालवले होते, आणि अशा शंभर प्रयोगांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्येच, केपटाऊनच्या दोन वर्षे आधी, छापला होता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी आशियातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. जगातले ते सहावे. रुग्ण काही तासांतच गेला. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध इतका वाढलेला होता, की नव्या हृदयाचा उजवा कप्पा त्यापुढे टिकला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात केलेल्या दुसऱ्या प्रयत्नालाही यश आले नाही आणि नंतर भारतात हा विषय जवळजवळ पाव शतक थंडावला. तंत्राची उणीव जेवढी होती तेवढीच कायद्याचीही होती, कारण हृदय धडधडत असताना माणूस मेला असे म्हणण्याची मुभा देणारा कोणताही कायदा त्या वेळी जगातल्या कोणत्याच देशात नव्हता.

ही पोकळी भरण्याचा प्रयत्न हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीने केला. तिचे अध्यक्ष हेन्री बीचर हे भूलतज्ज्ञ होते, आणि दोनच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, रुग्णांवर त्यांच्या नकळत केलेल्या अनैतिक प्रयोगांची २२ उदाहरणे छापून त्यांनी आपल्याच व्यवसायाचा रोष ओढवून घेतला होता. तेव्हा त्यांना शल्यविशारदांचे हस्तक ठरवणे कठीण आहे. समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचे, धर्मशास्त्राचे आणि विज्ञानाच्या इतिहासाचे प्राध्यापक होते, तसेच पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारे जोसेफ मरेही होते. ५ ऑगस्ट १९६८ च्या अंकात अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने हा अहवाल छापला. त्यातले निकष थोडक्यात असे: कोणत्याही उत्तेजनाला, अगदी तीव्र वेदनेलाही, प्रतिसाद नाही, श्वसनयंत्र तीन मिनिटे बंद ठेवूनही स्वतःचा श्वास नाही, प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे मेंदूच्या विचाराविना होणाऱ्या आपोआप हालचाली, नाहीत, ईईजी सपाट, आणि हे सारे चोवीस तासांनी पुन्हा तपासून तसेच. शरीर गारठलेले असेल किंवा झोपेची औषधे अंगात भिनलेली असतील तर हे निकष लावायचे नाहीत, कारण त्या दोन्ही अवस्थांत मेंदू मेल्यासारखा दिसतो आणि परतही येतो. मृत्यू जाहीर करणाऱ्या डॉक्टरांचा प्रत्यारोपणाशी संबंध नसावा आणि आधी मृत्यू जाहीर करून मगच यंत्र बंद करावे, या सूचनाही त्यात होत्या.

अहवालाने आपली कारणे सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगितली होती. एक, अशा रुग्णांचा त्यांच्या कुटुंबांवर, रुग्णालयांवर आणि खाटांची वाट पाहणाऱ्या इतरांवर पडणारा भार. दोन, जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवण्यात उद्भवणारे वाद. दुसऱ्या कारणाचा उल्लेख मसुद्यात याहून ठळक होता आणि महाविद्यालयाचे अधिष्ठाता रॉबर्ट एबर्ट यांनी त्यावर हरकत घेतली होती, की यातून दुसऱ्यासाठी अवयव मिळावेत म्हणून मृत्यूची व्याख्या बदलल्यासारखे दिसेल. शब्द सौम्य केले गेले, पण संशय राहिलाच. आणि अहवालाची मोठी उणीव तिथे नव्हतीही. मेंदू गेला म्हणजे माणूस गेला असे का मानायचे, याचे उत्तर त्यात कुठेच नव्हते. कोमातून परत न येणे आणि मरणे या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरून समिती पुढे गेली होती, आणि तत्त्वज्ञ गेली पन्नास वर्षे त्याच जागी बोट ठेवत आले आहेत.

संशयाला खतपाणी घालणारी प्रकरणेही घडली. मे १९६८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात डोक्याला मार लागलेल्या एका कृष्णवर्णीय कामगाराचे हृदय नातेवाइकांना न विचारता काढले गेले. १९७२ मध्ये ज्युरीने मेंदूचा मृत्यू ग्राह्य धरून डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला, पण असे गरिबाच्याच बाबतीत का घडते, हा प्रश्न त्या निकालाने मिटला नाही. जपानमध्ये ऑगस्ट १९६८ मध्ये साप्पोरो येथे जुरो वादा यांनी केलेल्या हृदय प्रत्यारोपणाचा रुग्ण ८३ दिवस जगला, आणि नंतर दाता खरोखर मेला होता काय यावरून वादा यांच्यावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, तरी जपानी समाजाचा विश्वास असा उडाला की तिथे या विषयावरचा कायदा व्हायला १९९७ साल उजाडले.

दरम्यान, संपूर्ण मेंदू तपासायचा की त्याचा नेमका भाग, यावर वैद्यकात मतभेद झाले. १९७१ मध्ये मिनेसोटातील मोहनदास आणि चाऊ या मेंदूशल्यविशारदांनी मांडले, की मस्तिष्कस्तंभाचे काम कायमचे थांबले आहे हे दाखवले की पुरे, ईईजीची सक्ती नको. जागे राहण्याची यंत्रणा आणि श्वासाचे केंद्र दोन्ही या स्तंभात असल्यामुळे तो गेला की उरलेल्या मेंदूला जाग येण्याचा मार्गच राहत नाही. ब्रिटनने १९७६ मध्ये हा मार्ग स्वीकारला. अमेरिकेने १९८१ च्या आदर्श कायद्यात संपूर्ण मेंदूचा आग्रह कायम ठेवला. रुग्णाच्या खाटेशी होणाऱ्या तपासण्या मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत: बाहुल्यांवर प्रकाश टाकणे, बुबुळाला कापसाचा बोळा टेकवून पापणी मिटते का पाहणे, कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे वळतात का पाहणे, घशात नळी फिरवून उमासा किंवा खोकला येतो का पाहणे, आणि शेवटी आधी भरपूर प्राणवायू देऊन यंत्र बाजूला करणे, म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जाऊन, श्वासाचे केंद्र जिवंत असेल तर त्याला श्वास घ्यायला भागच पाडील. याच चाचणीत कधी कधी मृताचे हात आपोआप छातीकडे उचलले जातात. ती हालचाल मज्जारज्जूची असते, मेंदूची नव्हे. पण पाहणाऱ्या नातेवाइकाला हे आधी सांगितलेले नसेल तर डॉक्टरांवरचा त्याचा विश्वास त्या क्षणी उडतो.

मृत्यूच्या वेळी मेंदूच्या आत काय घडते, याचे चित्र बऱ्याच उशिरा स्पष्ट होत गेले. १९४३ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या गळ्याभोवती हवा भरण्याचा पट्टा आवळून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर रोखण्यात आला तेव्हा पाच ते दहा सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. आज असा प्रयोग करण्याची परवानगी कोणी देणार नाही. ईईजी साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत सपाट होतो. पण सपाट आलेख म्हणजे मेलेल्या पेशी नव्हेत. प्राणवायू तुटताच चेतापेशी बहुधा उरलेली ऊर्जा वाचवण्यासाठी एकमेकींशी संवाद थांबवतात, त्यांच्या पडद्यांवरचा विद्युतभार तेव्हाही टिकून असतो, आणि काही मिनिटांनी तो राखणारे पंप बंद पडले की मेंदूच्या सालीवरून विद्युतभार ढासळण्याची एक लाट पसरत जाते. या जातीची लाट ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआं यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत प्रथम वर्णिली होती. माणसाच्या मरणासन्न मेंदूतली नोंद २०१८ मध्ये बर्लिन आणि सिनसिनाटी येथील डॉक्टरांनी नऊ रुग्णांवरून प्रसिद्ध केली; त्यांच्या मेंदूत उपचारासाठी इलेक्ट्रोड आधीच बसवलेले होते आणि उपचार थांबवण्याचा निर्णय झालेला होता. ही लाटसुद्धा अखेरची रेघ नव्हे, कारण रक्त वेळेत परतले तर पेशी सावरू शकतात.

आणखी काही निष्कर्ष खळबळजनक ठरले. मिशिगन विद्यापीठातील जिमो बोर्जिगिन यांना २०१३ मध्ये उंदरांत, हृदय थांबल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात, जाग्या मेंदूत दिसतात तशा सुसंबद्ध जलद लहरी आढळल्या. २०२३ मध्ये यंत्र काढलेल्या चार माणसांपैकी दोघांतही तसे काही दिसले. मरणाच्या दारातून परतलेले लोक प्रकाशाच्या, भेटींच्या ज्या हकिकती सांगतात त्यांचे मूळ येथे असावे असा तर्क वृत्तपत्रांनी लगेच लढवला, पण ती दोन्ही माणसे परत आली नाहीत, त्यामुळे त्यांना काय जाणवले हे सांगणारे कोणी नाही. येल विद्यापीठातील नेनाद शेस्तान यांचा २०१९ चा प्रयोग अधिक विचार करायला लावणारा आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंना मृत्यूनंतर चार तासांनी त्यांच्या पथकाने खास द्रावणाचे कृत्रिम अभिसरण सहा तास पुरवले, तेव्हा पेशींचे काही व्यवहार पुन्हा सुरू झाले. संपूर्ण मेंदूच्या पातळीवर विद्युतलहरी दिसल्या नाहीत, आणि जाणिवेचे लक्षण दिसलेच तर ते तत्काळ थांबवण्यासाठी संशोधकांनी भुलीचे औषध हाताशी ठेवले होते. बुशू यांच्या काळी कान देऊन ऐकण्याने सुटलेला प्रश्न असा पुन्हा तासांच्या हिशेबात येऊन पडला.

भारतीय कायद्यात मेंदूचा मृत्यू आला तो थेट अवयवदानाचा हात धरूनच. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने संसदेला याबाबत आपण होऊन कायदा करता येत नव्हता. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यावर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा मंजूर झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून या राज्यांत लागू झाला. कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा निकष घेतला. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची आणि त्यात प्रत्यारोपणाच्या पथकातले कोणी नसावे, अशी रचना आहे. याच केईएम रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना भान हरपणे आणि मेंदूमृत्यू यांतला फरक स्पष्ट केला: त्या स्वतः श्वास घेत होत्या, म्हणजेच त्यांचा मस्तिष्कस्तंभ काम करत होता, म्हणून त्यांना मेंदूमृत म्हणता येत नव्हते, कितीही वर्षे भान नसले तरी.

पण कायद्याचा हा जन्म त्याला आजवर चिकटून राहिला आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सारी लक्षणे कायमची नाहीशी होणे, आणि त्यात मेंदूचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे मंडळाने दोनदा तपासून मेंदूमृत ठरवलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला तर कागदोपत्री सारे सरळ होते. नकार दिला तर त्याच रुग्णाचे व्हेंटिलेटर काढायला अनेक डॉक्टर धजावत नाहीत, आणि हृदय आपोआप थांबेपर्यंत, कधी काही तास तर कधी काही दिवस, अतिदक्षता विभागाचे बिल वाढत राहते. एबर्ट यांनी १९६८ मध्ये मसुद्यावर घेतलेली हरकत इथे कायद्याच्या कलमांतूनच खरी ठरल्यासारखी आहे. केरळ सरकारने २०२० मध्ये, अवयवदान होवो वा न होवो, मेंदूमृत्यू हा मृत्यूच समजावा अशा अर्थाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. बाकी बहुतेक ठिकाणी तो निर्णय अजूनही डॉक्टरांची हिंमत, नातेवाइकांची समजूत आणि रुग्णालयाच्या वकिलाचा सल्ला यांच्या हवाली आहे.